किरणोपचार आणि वैद्यांचे कर्तव्य

पौरुषग्रंथीच्या कर्करोगासाठी किरणोपचार सुचविलेला रुग्ण आमचे मत विचारतो, तेव्हा 'टाळा' म्हणणे सोपे; परंतु ते आम्हांस उचित वाटत नाही. ग्रंथीपुरत्या मर्यादित रोगात ३७ सत्रांऐवजी २० सत्रे तितकीच गुणकारी असल्याचे ब्रिटनमधील 'चिप' अभ्यासाने २०१६ मध्ये दाखविले. २०२४ च्या 'पेस-बी' अभ्यासात कमी व मध्यम जोखमीच्या रुग्णांना ५ सत्रेही पुरली. मात्र लघवीच्या तक्रारी काहीशा अधिक आढळल्या. खेड्यातील रुग्णाचा शहरातील मुक्काम वाचणे ही लहान गोष्ट नव्हे. आपणास कोणता पर्याय लागू पडतो, हे तज्ज्ञास विचारण्यास आपणच त्याला प्रवृत्त करावे. किरणांमुळे मलाशयास दाह होऊ शकतो. म्हणून तज्ज्ञांच्या संमतीविना वैद्यांनी बस्ती व औषधविक्रेत्यांनी रेचक चूर्णे देऊ नयेत.