फिशटँकचा चौथा पाय

झालं असं, की बंगलोरला बदली झालेल्या मैत्रिणीनं जाताना तिचा फिशटँक माझ्या गळ्यात मारला. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. जुहूच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये त्याची जागा मी लगेच ठरवून टाकली. हॉलच्या टोकाला, खिडकीशी. मागे नारळाची झाडं, पुढे गोल्डफिश. अजून काय हवं?

लोखंडी स्टँड ठेवला. तीन पाय टेकले, चौथा अधांतरी. हात लावला की टकटक. मी पर्समधून दोन एक्स्पायर झालेली क्रेडिट कार्डं काढून सरकवली खाली. एक कार्ड जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड, दोन पुरली नाहीत. तिसरं चालू होतं, म्हणून नाइलाजानं सुतारकाकांना फोन केला.

काकांनी ग्लासभर पाणी मागितलं. मला वाटलं, तहान लागली असेल. त्यांनी ते सरळ फरशीवर ओतलं! पाणी गुपचूप खिडकीकडे निघालं.

"ताई, ही गॅलरी होती. इथं नका ठेवू."

खरंच की! मुंबईत गॅलरीला गॅलरी कोण राहू देतं? मधली भिंत गेली, स्लायडिंग खिडक्या बसल्या, की झाला हॉल मोठा. पण पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून मुद्दाम दिलेला उतार तिथंच राहतो. आणि उताराहून महत्त्वाचं म्हणजे, अशी गॅलरी बहुतेकदा इमारतीबाहेर काढलेला स्लॅब असते. बाहेरच्या कडेला खालून आधारच नाही.

आता हिशेब करा. टँकमध्ये पाणी अडीचशे लिटर, म्हणजे अडीचशे किलो. काच, खडी, स्टँड धरून साडेतीनशेच्या घरात. पाच धट्टीकट्टी माणसं सहा चौरस फुटांत रात्रंदिवस उभी! राहत्या खोल्यांचा स्लॅब डिझाइन करताना माणसं-सामान मिळून चौरस मीटरला साधारण दोनशे किलो धरतात. खोलीच्या आत बीम आणि आजूबाजूचा स्लॅब असा जास्तीचा भार वाटून घेतात. बाहेर आलेल्या टोकाला ती सोय नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी नेमक्या त्याच कोपऱ्यात आरामखुर्ची टाकून पेपर वाचतात. माझ्या पोटात गोळाच आला.

टँक आत आला. बीमच्या वर, भिंतीला लागून. फरशी तिथंही जरा वाकडी होतीच, पण तो फरक चार मिलिमीटरचा. काकांनी पारदर्शक लेव्हल पाईपनं चारही कोपरे तपासले आणि आखूड पडणाऱ्या पायाखाली स्टीलच्या पट्ट्या घातल्या. "पुठ्ठा, पेपर घालू नका. भिजला की बसतो," हे वर.

टँक एका बाजूला किंचित कललेला असेल, तर तो दिसायला वाईट दिसतो. एक पाय अधांतरी असेल, तर प्रकरण गंभीर. भरल्यावर स्टँड पिळतो, त्याच्याबरोबर काच, आणि ताण येतो सिलिकॉनच्या सांध्यांवर. तो सांधा आज नाही, सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता सुटतो. पट्टी नेहमी स्टँडच्या पायाखाली, टँक आणि स्टँडच्या मध्ये कधीच नाही. सपाट काचेच्या टँकखाली थर्माकोलची शीट घालतात, ती बारीक उंचवटे सांभाळते. उतार नाही.

मग पाव टँक भरा आणि काठापासून पाणी किती खाली आहे, ते चारही कोपऱ्यांत पट्टीनं मोजा. आकडे सारखे आले तरच पुढे. दुसऱ्या दिवशी परत मोजा. फरक दिसला तर आधी पाणी काढा. भरलेला टँक उचकटून पट्टी सरकवायचा शहाणपणा नको. आणि टँक याहून मोठा असेल किंवा इमारत जुनी, तर स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं. सोसायटीच्या ऑफिसात रिपोर्ट मागायला लाजू नका.

गोल्डफिश मजेत आहेत. खिडकीशी आता बीनबॅग टाकलीय. तिच्यावर किती किलो बसतात, हा या कॉलमचा विषय नाही!