जबलपूरचा पाऊस रडारच्या शलाकेखालून निसटतो

19 नोव्हेंबर 2024 रोजी अमेरिकेतून जीसॅट-एन2 हा भारतीय उपग्रह अवकाशात गेला. का-बँडमधील 32 शलाका आणि सेकंदाला 48 गिगाबिट क्षमता यांचे कौतुक झाले, ते रास्तच. पावसाचा प्रश्न मात्र चर्चेत मागेच राहिला.

20 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी दीड सेंटिमीटर, तर पावसाचे मोठे थेंब काही मिलिमीटरचे. मापे इतकी जवळ आल्याने थेंब लहरीची ऊर्जा शोषतात आणि विखुरतात. ताशी 50 मिलिमीटरच्या सरीत दर किलोमीटरला सुमारे 5 ते 6 डेसिबल घट होते. अशा दोन किलोमीटरांत संकेताचा दहावा हिस्साही उरत नाही. 36 हजार किलोमीटर निर्विघ्न आलेली लहर अखेरच्या पाच-सहा किलोमीटरांत खचते.

पर्जन्यमापक एका बिंदूचा पाऊस सांगतो. लहरीच्या तिरकस वाटेवरचा पाऊस दाखवते ते हवामान रडार. थेंबांवरून परतलेल्या प्रतिध्वनीतून पावसाची तीव्रता काढायची आणि वाटेवरच्या प्रत्येक टप्प्याची घट जोडत जायची, अशी ही रीत.

जबलपुरातून 74 अंश पूर्व रेखांशावरील उपग्रह क्षितिजापासून सुमारे 62 अंशांवर दिसतो. पाऊस पाच किलोमीटर उंचीपर्यंत धरला, तर त्या वाटेची जमिनीवरील छाया तीन किलोमीटरही भरत नाही. भोपाळ आणि नागपूरची रडारे मात्र येथून अडीचशे किलोमीटरांच्या आसपास आहेत. अर्ध्या अंशावर रोखलेली शलाका पृथ्वीच्या वक्रतेमुळे जबलपूरवर पोहोचेपर्यंत सुमारे सहा किलोमीटर उंच गेलेली असते आणि चार किलोमीटरहून अधिक रुंदावलेली असते. तिला दिसतात ते बहुतांशी हिमकण. त्यांच्यावरून खालच्या पावसाची घट काढणे हा अंदाजावर रचलेला अंदाज होय. त्यात मार्शल आणि पामर यांनी 1948 साली कॅनडातील पावसावरून मांडलेले थेंबांचे वितरण मध्य भारताच्या गडगडाटी सरींना सरसकट लावणे म्हणजे चुकीत भर.

जानेवारी 2014 मधील जीसॅट-14 वर 20.2 आणि 30.5 गिगाहर्ट्झचे संकेतप्रक्षेपक याच अभ्यासासाठी बसवले होते. सप्टेंबर 2024 मध्ये मिशन मौसमला 2000 कोटी रुपये मंजूर झाले असून रडारांची संख्या वाढणार आहे. प्रत्येक नव्या रडारच्या टापूत, शलाका अजून खाली असेल अशा अंतरावर, का-बँडचा एक साधा ग्राहक बसवावा. रडारने वर्तवलेली घट आणि प्रत्यक्ष मोजलेली घट शेजारी ठेवता येईल. एक यंत्र हवामान खात्याचे, दुसरे अवकाश विभागाचे. अडचण बहुधा भौतिकीत नसून इथेच येते.

तीव्र सरींचा गाभा सहसा काही किलोमीटरच रुंद असतो. तो मंडल्याच्या वाटेवर आहे की बरगी धरणावर, हे आधी कळले, तर भूकेंद्राचे काम तेवढ्यापुरते दूरच्या कोरड्या केंद्राकडे वळवता येते.