स्वतःच्या सीरमचे थेंब : तयारीत कसूर नको

स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोममधून बचावलेला रुग्ण आपल्याकडे येतो, तेव्हा जिवावरचे संकट टळलेले असते, पण डोळ्यांतले अश्रू आटलेले असतात. कृत्रिम अश्रू तासातासाला घालूनही कॉर्नियावरचा एपिथेलियमचा व्रण भरत नाही. अशा डोळ्यांना रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या सीरमचे थेंब द्यावेत, आणि वेळेवर द्यावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण हे थेंब कुठे आणि कसे तयार होतात, याकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही.

उपाय नवा नाही. १९८४ साली रॉबर्ट फॉक्स आणि सहकाऱ्यांनी कोरड्या डोळ्यांच्या रुग्णांत त्याचा गुण नोंदवला. १९९९ मध्ये जपानच्या काझुओ त्सुबोता यांच्या गटाने श्योग्रेन सिंड्रोम आणि न भरणाऱ्या व्रणांत तो वापरून दाखवला. एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, अ जीवनसत्त्व, फायब्रोनेक्टिन हे अश्रूंतले घटक सीरममध्येही असतात. बाजारातल्या बहुतेक कृत्रिम अश्रूंत ते नसतात. मग सीरम वीस टक्क्यांपर्यंत पातळ का करायचे? कारण एपिथेलियमची वाढ रोखणारा टीजीएफ-बीटा सीरममध्ये अश्रूंच्या सुमारे पाचपट असतो. काही केंद्रे पन्नास टक्के किंवा निव्वळ सीरमही वापरतात.

पुराव्याबाबत प्रामाणिक राहू. कोरड्या डोळ्यांवरील २०१७ च्या कॉक्रेन समीक्षेत जेमतेम ५ चाचण्या आणि ९२ रुग्ण होते. पहिल्या दोन आठवड्यांत त्रास थोडा कमी होत असावा, त्यापुढच्या फायद्याचा पुरावा नाही, एवढेच ती सांगते. म्हणून दिवसभर संगणकापुढे बसून डोळे चुरचुरणाऱ्या प्रत्येकाचे रक्त काढण्यात अर्थ नाही. न्यूरोट्रॉफिक केराटायटिस, न भरणारा व्रण, श्योग्रेन, अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतरचा कोरडेपणा, चुन्याची पुडी फुटून भाजलेला लहान मुलाचा डोळा, ही याची खरी जागा. सक्रिय जंतुसंसर्गात मात्र हात आखडता घ्यावा.

आता तयारी. रक्त कोऱ्या, गोठणरोधक नसलेल्या नळीत घ्यायचे आणि खोलीच्या तापमानाला सुमारे दोन तास गोठू द्यायचे. इथेच घाई होते. अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूज केले तर प्लेटलेट्समधले वाढीचे घटक पुरेसे सुटत नाहीत. पुढचे काम लॅमिनार फ्लोमध्येच व्हावे. टेबलावर, पंख्याखाली बाटल्या भरणे थांबलेच पाहिजे. या थेंबांत प्रिझर्व्हेटिव्ह नसते आणि सीरम हे जंतूंचे आवडते खाद्य आहे. आधीच उघडा पडलेला कॉर्निया दूषित थेंबाने गमावणे अक्षम्य आहे. एचआयव्ही, कावीळ बी व सी आणि सिफिलिसच्या तपासण्या अगोदर कराव्यात. रुग्णाचे स्वतःचेच रक्त आहे म्हणून त्या टाळू नयेत. बाटल्यांची अदलाबदल झाली तर धोका दुसऱ्याला आणि हाताळणाऱ्यालाही असतो.

आपल्याकडची आणखी एक अडचण हिमोग्लोबिनची. श्योग्रेनच्या बहुतेक रुग्ण स्त्रिया असतात आणि आपल्या भागात त्यांतल्या अनेकींना रक्तक्षय असतो. चाळीस मिलि रक्तातून साधारण पंधरा मिलि सीरम मिळते आणि पातळ केल्यावर ते बरेच दिवस पुरते, तेव्हा गरजेपेक्षा जास्त रक्त काढूच नये.

बाटल्या उणे वीस अंशांवर तीन महिने टिकतात. पण रुग्णाच्या घरच्या एकदारी फ्रिजचा बर्फकप्पा तेवढा थंड होत नाही, आणि गावाकडे वीज जाते ती वेगळीच. साठा आपल्याकडे ठेवून रुग्णाला थोड्याच बाटल्या बर्फाच्या डब्यात द्याव्यात. वापरातली बाटली फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी टाकून द्यायची, हे नातेवाइकांना समोर बसवून समजवावे. छापील कागद हातात दिला म्हणजे काम झाले, असे होत नाही.

हे सारे एकट्या दवाखान्याच्या आवाक्यातले नाही. इंग्लंडमध्ये रक्तसेवाच असे थेंब बनवून पुरवते. आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत रक्तकेंद्रे आहेत. सेंट्रिफ्यूज, डीप फ्रीझर, तपासण्या आणि प्रशिक्षित माणसे तिथे आधीच आहेत. आपल्या जवळच्या रक्तकेंद्राच्या प्रमुखांना या महिन्यात भेटा, लेखी कार्यपद्धती ठरवा आणि थेंब दिलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवा. त्या नोंदी आमच्याकडे पाठवा, आम्ही त्या छापू.