स्पोर्ट मोडचं कौतुक पुरे!

नवी ऑटोमॅटिक घेतलेला प्रत्येक मित्र मला आधी 'स्पोर्ट'चं बटण दाबून दाखवतो. अरे बाबांनो, त्यानं इंजिनाची ताकद सहसा वाढत नाही! ॲक्सिलरेटर जरासा दाबला तरी थ्रॉटल जास्त उघडतो, वरचा गिअर उशिरा पडतो, बस्स. 'इको'त नेमकं उलटं. सगळा सॉफ्टवेअरचा खेळ (आपल्याच जातभाईंनी लिहिलेला!).

पण गिअरच्या दांड्यापाशी 'एल' किंवा 'एम' लिहिलंय ते कशाला, हे विचारा. सगळे गप्प, शोरूमवालासुद्धा! खंडाळ्याचा घाट उतरताना महाशय 'डी'त आणि पाय सतत ब्रेकवर. ब्रेक तापले की पकड जाते, राजे!

काही हुशार तर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकतात. अहो, उतारावर गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की आजची इंजिनं इंधन तोडतातच. न्यूट्रलमध्येच ते जळत राहतं. नोव्हेंबर 2022 मध्ये पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका अवजड वाहनानं कितीतरी गाड्या ठोकरल्या. चालकानं उतारावर इंजिनच बंद केलं होतं, असं पोलिसांच्या प्राथमिक चौकशीत आलं.

'एम' टाकून दुसरा-तिसरा गिअर धरला की इंजिनच गाडी रोखतं. आवाज वाढतो, वाढू दे. मागून हॉर्न वाजवणाऱ्या स्पोर्टवीरांनो, वाजवा खुशाल!