गुपित कशाचं, गवताचं?

संरक्षणाचा प्रकल्प असेल तर आपल्याकडे गावाला विचारावं लागत नाही. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेत तशी सोयच करून ठेवली आहे: राष्ट्रीय संरक्षण आणि सुरक्षेच्या प्रकल्पांना लोकसुनावणी माफ! कारण काय, तर गोपनीयता.

ही गोपनीयता जरा तपासून पाहू. बंगळुरूपासून दोनेकशे किलोमीटरवर, चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या चल्लकेरेजवळ डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेचं मानवरहित विमानांचं चाचणी केंद्र आहे. चार हजार एकरांहून मोठं. शेजारी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला दीड हजार एकर, शिवाय भाभा अणुसंशोधन केंद्र आणि इस्रोचा वाटा. सगळे मिळून आठ हजार एकरांहून जास्त. डीआरडीओच्या केंद्राचं उद्घाटन मे २०१७ मध्ये संरक्षणमंत्री अरुण जेटलींनी केलं, तेही जाहीर. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘रुस्तम-२’ हे मानवरहित विमान चाचणीच्या वेळी शेतात कोसळलं, तेव्हा गावकरी मोबाईल घेऊन भोवती जमले. म्हणजे विमान शेतात पडलं की गावाने बघायचं. ते उडवायला कुरण घेताना मात्र तोंड उघडायचं नाही! शत्रूपासून लपवलं काय? गुरांची वाट? तळ्याचं पाणी?

बरं, हा माळ काही बिनवारशी नव्हता. ही अमृतमहाल गुरांची कुरणं, म्हैसूरच्या राज्यकर्त्यांनी राखलेली. इथल्या बैलांनी हैदर आणि टिपूच्या तोफा ओढल्या. १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं आणि गुरं इंग्रजांच्या हाती गेली. १८०३ साली इंग्रज सेनानी वेलस्ली आपल्या मराठ्यांवर, असईपर्यंत, चालून आला तो म्हैसूरच्या बैलांच्या जोरावर. आपल्या खिल्लारची ही भावकीच. कुरणांची वाटणी उन्हाळी, पावसाळी, हिवाळी. ऋतू पालटला की कळप हलायचा आणि मागे गवताला उसंत मिळायची. काळवीट त्याच माळावर चरायचे, धनगराची मेंढरंही.

याला म्हणतात संरक्षण प्रकल्पाचं शाश्वत व्यवस्थापन! सल्लागार नाही, अहवाल नाही, हरित घोषणांचे फलक नाहीत. तरी कुरण पिढ्यान् पिढ्या टिकलं, सैन्याच्या कामी आलं. आणि आमच्या काळातले विद्वान त्याच माळाला पडीक ठरवून भिंत घालतात. सरकारी नोंदवहीत गवताला किंमत नसते, म्हणून गवत खाऊन जगणाऱ्यांनाही नसते. २०१३ साली बंगळुरूच्या एन्व्हायर्न्मेंट सपोर्ट ग्रुप या संस्थेला या कुरणांसाठी हरित लवादाकडे धाव घ्यावी लागली. स्वतःच्या गायरानासाठी लोकांनी न्यायालयाची पायरी चढायची, ही कुठली सुरक्षा?

सैन्याला चाचणी केंद्र हवं, यात वाद नाही. विमानाचा आराखडा, संदेशयंत्रणा, कॅमेऱ्याची ताकद कुलपात ठेवा, वाटल्यास सात कुलपांत. पण भिंत कुठून जाणार, पाणी किती उपसणार, गुरं कुठे चरणार, हे कुठल्याही शत्रूच्या कामाचं नाही; ते गावाच्या पोटाचं आहे आणि चावडीवरच ठरलं पाहिजे. अधिसूचनेतली ती सरसकट माफी काढून टाका. गुपित तेवढं झाका, बाकी सगळं गावापुढे मांडा, आणि गाव ‘नको’ म्हणालं तर दुसरी जागा शोधा.