वहिनींचं नवसांचं वेळापत्रक

सोमवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. बर्फात गुडघाभर रुतलेला जवान, हातात बंदूक, मागे तिरंगा आणि वर ढगांतून डोकावणारा मारुतीराया. खाली मजकूर : सीमेवरच्या भावांच्या रक्षणासाठी हा मंत्र अकरा जणांना पाठवा, न पाठवणाऱ्याने स्वतःला भारतीय म्हणवू नये. माझं आणि मोबाइलचं सख्य तसं बेताचंच. एरवी असली चित्रं मी न बघताच उडवतो. हे मात्र ठेवलं, कारण ते गावी थोरल्या दादांना दाखवायचं होतं. दादा निवृत्त सुभेदार. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाशी नेला आणि म्हणाले, "बूट आपले नाहीत. बंदूकही आपली नाही. आणि एवढ्या बर्फात उघड्या हातानं बंदूक धरतोय? बोटं जातील ह्याची." मारुतीरायाबद्दल काही बोलले नाहीत.

माझी तक्रार मंत्राबद्दल नाही, 'अकरा जणां'बद्दल आहे. ज्या घरातला माणूस खरोखर सीमेवर गेलाय, त्या घरात अकरा जणांना काही पाठवायला कुणाला सवड नसते. तिथे देवाशी जो व्यवहार चालतो तो थेट असतो, बराचसा खासगी असतो आणि त्यात भांडणंही होतात.

आमचा सातारा जिल्हा यातला जुना मुरलेला. अपशिंग्याच्या नावापुढे 'मिलिटरी' लागतं ते उगीच नाही. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण गेले, इंग्रजांनी त्यांच्या स्मरणार्थ तिथे दगड बसवला. तिकडे कोल्हापूरकडे सैनिक टाकळी आहे. आमचं गाव एवढं नावाजलेलं नसलं, तरी जत्रेत पालखीला खांदा देणाऱ्यांत निम्मे सुट्टीवर आलेले असतात आणि उरलेल्यांतले बरेच पेन्शनीवर.

दादांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, मराठा पलटणीत आहे. सध्या लडाखकडे. कुठे ते घरात कुणी विचारत नाही आणि त्यानेही सांगायचं नसतं. त्याची आई म्हणजे आमच्या थोरल्या वहिनी. गॅसची टाकी काट्यावर वजन केल्याशिवाय दारातून आत न घेणाऱ्या. माहेर वाईचं, वडिलांचं किराणा दुकान. हिशेबात त्यांना फसवायला अजून कुणी जन्माला आलेला नाही.

2025 च्या मे महिन्यात पुतण्या सुट्टीवर आला होता. बॅगेतले कपडे अजून दोरीवर वाळत होते, तेवढ्यात परत बोलावणं आलं. ओले कपडेच पिशवीत कोंबून तो निघाला. 7 तारखेला पहाटे टीव्हीवर 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झालं. 10 तारखेला संध्याकाळी गोळीबार थांबल्याचं जाहीर होईपर्यंत वहिनींनी जिल्ह्यातले आणि जिल्ह्याबाहेरचे सगळे देव कामाला लावले होते. औंधच्या यमाईचा डोंगर अनवाणी चढायचा. पालीच्या खंडोबाला भंडारा-खोबरं उधळायचं. शिखर शिंगणापूरला अभिषेक. मांढरदेवीच्या काळूबाईला खणानारळाची ओटी आणि चांदीचे डोळे. जेजुरीला जागरण. आणि जोतिबाचे पाच खेटे, म्हणजे माघातले पाच रविवार कोल्हापुरातून पायी डोंगरावर. मेख अशी की यातली ओटी सोडली तर बाकी सगळं पोरानं स्वतः करायचं, असं बोललेलं होतं.

आमच्या नात्यातल्या एका तरुण डॉक्टरानं या यादीवर वहिनींना शांतपणे समजावलं, "काकू, यानं तुमचं बीपी कमी होणार नाही."

"ते गोळीनं होतं की," वहिनी म्हणाल्या. "रोज घेते. तू दिलेलीच घेते."

मला या घरात कुतूहल आहे ते फोनचं. रेंज मिळाली की पुतण्याचा फोन येतो आणि मग दोन्हीकडून इतकं खोटं बोललं जातं की ऐकत राहावं. तो म्हणतो, थंडी काही विशेष नाही. त्या म्हणतात, गुडघा आता दुखत नाही. तो म्हणतो, जेवण झकास. त्या म्हणतात, बाबांची झोप चांगली आहे. बाबा त्या वेळी शेजारी बसून फोनवर लेहचं तापमान बघत असतात. ते आकडे वहिनींना सांगत नाहीत आणि त्या विचारत नाहीत. फोन ठेवला की वहिनी देवघरात जातात, आणि तिथे मात्र खरं बोलणं होतं. त्याचा आवाज बसलेला होता, खोकला लपवत होता, माझा गुडघा सुजलाय, ह्यांना रात्रभर डोळा नाही. एकदा मी ओसरीवर होतो म्हणून कानावर आलं. मागणं असं त्यात काही नव्हतं. दिवसभराचा रिपोर्ट द्यावा तसं सगळं ओळीनं सांगत होत्या.

रिपोर्ट हा शब्द दादांनीच पुरवला. सियाचीनच्या बेस कॅम्पला ओपी बाबांचं ठाणं आहे. मालौन नावाच्या चौकीवर ओम प्रकाश नावाचा जवान एकट्यानं लढला, त्याचे हे बाबा झाले. वर चढायच्या आधी तुकडी त्यांच्यापुढे उभी राहून रिपोर्ट देते आणि उतरून आली की पुन्हा देते. नथू ला भागातले बाबा हरभजन सिंग तर 1968 मध्ये गेले, पण पुढची कित्येक वर्षं त्यांना रीतसर वार्षिक सुट्टी मिळायची. त्यांचं सामान जीपमधून स्टेशनवर जायचं आणि रेल्वेनं पंजाबातल्या त्यांच्या गावी पोचायचं, त्यांच्यासाठी बर्थ राखीव ठेवून. हे टीव्हीवर बघून वहिनी एकच वाक्य बोलल्या, "गेलेल्याला सुट्टी मिळते आणि माझ्याला अर्ध्यातून बोलावतात."

दादा स्वतः देवभोळे नाहीत असं त्यांचं म्हणणं. पलटणीत रविवारी मंदिर परेड असायची, पंडितजी आरती सांगायचे, हजेरी लागायची. "देवळात जायची ऑर्डर होती, म्हणून गेलो." पण रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते मारुतीच्या देवळात जातात. हात जोडत नाहीत. मूर्तीसमोर कडक सावधानमध्ये उभे राहतात, थोड्या वेळानं पीछे मूड करतात आणि घरी येतात. सुरुवातीला गुरव बिचकायचा. आता तोही त्या वेळेला घंटा वाजवायची थांबवतो.

1987 मध्ये दादा शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते, तेव्हा फोनही नव्हता. '56 एपीओ' असा पत्ता घातलेली आंतर्देशीय पत्रं होती, आणि मजकूर ठरलेला : इकडे मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवणे, म्हशीचं काय झालं. त्या मोहिमेत आपले अकराशेहून अधिक जवान गेले, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तेव्हा एकदा बरेच दिवस पत्र आलं नाही, तर आमच्या आईनं काळूबाईशी अबोला धरला. दिवा लावायची, फूल वाहायची, पण हात जोडायची नाही आणि तोंडातून शब्द काढायची नाही. वहिनी तेव्हा नव्या नवरी होत्या. त्यांना वाटलं, सासूबाई देवीला चिडवतायत, आता काही खरं नाही. पत्र आलं त्या दिवशी आईनं आधी देवीला झापलं आणि मग नैवेद्याला पुरण शिजवलं. वहिनींनी देवाशी बोलायची रीत तिथे उचलली असणार. पुतण्याची पोर तिसरीत आहे, तिची प्रार्थना याहून आटोपशीर : पप्पांना रेंज दे.

तर सांगायचं म्हणजे, पुतण्याची सुट्टी मंजूर झाली आहे. जवानाला वर्षाची साठ दिवस सुट्टी असते, पण ती एकदम मिळेलच असं नाही, आणि वाट अशी की आधी विमान, मग झेलम एक्सप्रेसचं तिकीट, मग पुण्याहून एसटी. दादांनी वही काढली, नकाशा आखला, मूव्ह प्लॅन केला. पहिल्या दिवशी औंध, तिथून पुढे शिंगणापूर, मग पाली, परतून मांढरदेवी, शेवटी जेजुरी. चप्पल न घालता चढायचे डोंगर लाल पेनानं. हा प्लॅन फोनवरून पुतण्याला वाचून दाखवला. पलीकडे इतका वेळ शांतता होती की रेंज गेली असं वाटलं. मग तो म्हणाला, "आई, मला घरात झोपायचंय गं नुसतं."

वहिनींनी वही ओढून घेतली आणि जोतिबाच्या खेट्यांवर काट मारली. मला वाटलं, पाच रविवार सुट्टीत बसणार नाहीत, म्हणून असेल. मी म्हणालो, "वहिनी, खेटे तुम्हीच घाला की त्याच्या वतीनं. मी येतो सोबत."

"नको भावजी. ते राहू दे."

"मग नवस फिटणार कसा?"

"फेडायचाच नाही ह्या वेळेला," त्या म्हणाल्या. "आमचे अण्णा दुकानात सांगायचे, गिऱ्हाइकाकडं थोडी उधारी राहू द्यावी. सगळी फिटली की कोण कुणाला विचारतंय? जोतिबाचं येणं ठेवते. त्याला वसूल करायचं असलं तर तोच आणेल पुढच्या सुट्टीला."

दादांनी वही परत घेतली, खेट्यांवरची काट खोडली आणि समोर इंग्रजीत 'पेंडिंग' लिहून खाली सही केली.