मिनी मंत्रालयाचे रिकामे सभागृह

जिल्हा परिषदेच्या कारभारात बातमी व्हावी असे फारसे काही नसते. हातपंपाची दुरुस्ती, मोडकळीस आलेल्या वर्गखोलीचे निर्लेखन, आरोग्य उपकेंद्रातील रिक्त पद, अंगणवाडीच्या आहाराचे देयक, मागील सभेच्या इतिवृत्तास मंजुरी! अशा विषयपत्रिकेवर वाहिन्यांवरून चर्चा झडत नाहीत आणि मोर्चेही निघत नाहीत. तथापि यवतमाळसारख्या जिल्ह्यात शेतमजुराच्या घरी जन्मलेले मूल धडपणे वाढते की नाही, शाळेत टिकते की नाही, त्याच्या आईला पाणी दारात मिळते की रानातल्या विहिरीवरून डोक्यावर आणावे लागते, याचा निवाडा विधानभवनात होतो त्याहून अधिक या नीरस विषयपत्रिकेवर होत असतो. आणि याच विषयपत्रिकेवर बोलणारी माणसे मार्च २०२२ मध्ये यवतमाळच्या सभागृहातून घरी गेली. मुदत संपली, प्रशासक आले आणि २०२३, २०२४, २०२५ या तिन्ही वर्षांचे अर्थसंकल्प लोकनियुक्त सभागृहाविनाच मंजूर झाले. २०२५ हे वर्ष सरले तेव्हाही सभागृह रिकामेच होते. या गोष्टीची खंत जिल्ह्याबाहेर कुणाला फारशी वाटली नाही, ही अधिक चिंतेची बाब आहे.

हे यवतमाळमध्ये घडावे यात एक कटू विसंगती आहे. महाराष्ट्रात आज ज्या स्वरूपात जिल्हा परिषद उभी आहे, तिचा आराखडा याच जिल्ह्याच्या सुपुत्राने घडविला. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक हे त्या वेळी राज्याचे महसूलमंत्री होते. त्यांच्या अध्यक्षतेखाली १९६० साली समिती नेमली गेली आणि १९६१ मध्ये तिने २२६ शिफारशींचा अहवाल दिला. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये विकासाचे मुख्य केंद्र म्हणून गटपातळी सुचविली होती; नाईक समितीने मात्र तो भार जिल्ह्यावर टाकला. शाळा, दवाखाने, रस्ते, पाणी आणि पशुधन यांचा संसार चालवायचा तर त्यासाठी पुरेसा पैसा, तांत्रिक मनुष्यबळ आणि अधिकार जिल्हापातळीवरच एकवटू शकतात, हा त्यामागील व्यवहारी विचार होता. त्यातूनच ‘महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१’ आकाराला आला आणि १ मे १९६२ पासून यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत ही व्यवस्था सुरू झाली. त्याआधी मध्यप्रांत-वऱ्हाडात १९४८ च्या कायद्याने जनपद सभांचा प्रयोग झालेला होता. म्हणजे स्थानिक कारभार हा वऱ्हाडाला कुणी परक्याने शिकविलेला धडा नव्हे. तो या भूमीच्या अंगवळणी पडलेला होता.

या कारभाराचे वर्ष ऋतूंच्या गतीने फिरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्थसंकल्प. स्वउत्पन्नाची रक्कम तुटपुंजी. पण तिच्यातूनही वीस टक्के मागासवर्गीयांसाठी आणि दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी बाजूला काढाव्या लागतात. उन्हाळा आला की टंचाई कृती आराखड्याची परीक्षा : कोणत्या गावात खासगी विहीर अधिग्रहित करायची, कुठे नळयोजनेची विशेष दुरुस्ती पुरेल आणि कुठे टँकरवाचून गत्यंतर नाही. मे महिन्यात शिक्षकांच्या बदल्या, जूनमध्ये शाळा उघडताच गणवेश आणि पाठ्यपुस्तके. पाऊस पडला की विहिरींत ब्लिचिंग पावडर पडली की नाही हे पाहणे, साथीच्या गावांत पथके पाठविणे. श्रावण-भाद्रपदात कपाशीवर फवारणी. ऑक्टोबर उजाडला की पुन्हा पुढच्या टंचाईचा पहिला टप्पा. सोळा तालुके, तेरा हजार पाचशे चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्र, पैनगंगेपासून वर्धा नदीपर्यंतचा पसारा. पांढरकवडा, घाटंजी, झरी-जामणीकडील कोलामांचे पोड आणि पुसद, दिग्रस, महागाव परिसरातील बंजाऱ्यांचे तांडे या दोहोंपर्यंत शासन नावाची जी वस्तू पोहोचते, ती बहुतांशी जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या, परिचारिकेच्या आणि अंगणवाडी सेविकेच्या रूपानेच पोहोचते.

या नित्याच्या कामात हयगय झाली तर काय होते, याची दोन उदाहरणे यवतमाळने देशाला दाखविली. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. ती आपत्ती आकाशातून कोसळली नव्हती. दुकानात कोणते औषध विकले जाते, त्यात काय मिसळले जाते, मजुराच्या तोंडावर मास्क आणि हातात मोजे आहेत की नाहीत, हे पाहण्याची यंत्रणा कागदावर होती. पंचायत समितीचा कृषी अधिकारी होता, प्राथमिक आरोग्य केंद्र होते, तालुक्याला बैठका होत होत्या. परंतु दवाखान्यातील खाटा भरत असताना कृषी खात्याला वेळीच जाग आली नाही. दुसरी घटना ३१ जानेवारी २०२१ ची. घाटंजी तालुक्यातील भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्रांतर्गत कापसी-कोपरी येथे पाच वर्षांखालील बारा बालकांना पोलिओच्या लसीऐवजी हात निर्जंतुक करण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. बालके सुदैवाने बचावली. तिघांवर कारवाई झाली. वर्षानुवर्षे सुरळीत चाललेल्या मोहिमेत कुपी पाहून घेण्याची साधी दक्षता सुटली आणि जगभर यवतमाळचे नाव गेले.

या दोन्ही घटना घडल्या तेव्हा जिल्हा परिषदेत लोकनियुक्त सभागृह होते, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. निवडून आलेले सदस्य असले म्हणजे चुका टळतात, असा दावा कुणी करू नये. सभागृहाचे मोल निराळे आहे. चूक झाल्यानंतर ती कुणाची, कशामुळे, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केले, हे उभे राहून विचारण्याची ती हक्काची जागा असते. सर्वसाधारण सभा दर तीन महिन्यांच्या आत भरलीच पाहिजे, स्थायी समिती आणि विषय समित्यांच्या बैठका झाल्या पाहिजेत, कामातील हयगयीकडे वा एखाद्या गावाच्या गरजेकडे लक्ष वेधण्याचा अधिकार सदस्याला असला पाहिजे, ही सारी तरतूद याच हेतूने केलेली आहे. विचारलेला प्रश्न इतिवृत्तात नोंदला जातो, पुढील सभेत त्याचा अनुपालन अहवाल द्यावा लागतो, आणि अहवाल असमाधानकारक असेल तर तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. कंटाळवाणी वाटणारी हीच पद्धत गरिबाची ढाल असते.

प्रशासक राजवटीत ही ढाल गळून पडते. मुख्य कार्यकारी अधिकारी हा परिषदेच्या ठरावांची अंमलबजावणी करणारा. तोच प्रशासक झाला की ठराव करणाराही तोच आणि अमलात आणणाराही तोच. प्रस्ताव त्याच्या टेबलावर तयार होतो, त्याच टेबलावर मंजूर होतो आणि त्याचा हिशेबही त्याच टेबलावर तपासला जातो. तालुक्यात गटविकास अधिकाऱ्याची स्थिती हीच. यात अधिकाऱ्यांच्या निष्ठेवर शंका घेण्याचे कारण नाही. अनेक अधिकारी तळमळीने काम करतात. परंतु अधिकारी बदलून जातो, गाव तेथेच राहते. अधिकाऱ्याचे उत्तरदायित्व वर मंत्रालयाकडे असते. सदस्याला खाली, आपल्या गटातील पारावर उत्तर द्यावे लागते. यवतमाळ जिल्हा परिषदेत २०१७ च्या निवडणुकीत ६१ गट होते, म्हणजे पंचायत समित्यांचे १२२ गण. २०११ च्या जनगणनेतील ग्रामीण लोकसंख्या पाहता एका गटामागे सुमारे पस्तीस हजार माणसे. एकूण १८३ लोकप्रतिनिधी, आणि निम्म्या जागा राखीव असल्याने त्यांतील निम्म्या महिला. पाण्याचा हंडा आणि अंगणवाडीचा आहार या विषयांवर अनुभवाने बोलू शकणाऱ्या नव्वदहून अधिक स्त्रियांचे आसन एका महिन्यात रिकामे झाले, हे नुकसान कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवायचे?

नुकसान केवळ प्रतिनिधित्वाचे नाही, पैशाचेही आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानासाठी रीतसर गठित झालेली स्थानिक संस्था अस्तित्वात असण्याची अट होती. सभागृह नव्हते तेथे तो ओघ अडला. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ यघ नुसार जिल्हा नियोजन समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्ह्यातील स्थानिक संस्थांच्या निर्वाचित सदस्यांमधून निवडले जावयाचे असतात. ग्रामीण भागाचे निर्वाचित सदस्यच नसतील, तर जिल्ह्याचा आराखडा कुणाच्या तोंडून बोलणार? मग निधीची वाटणी पालकमंत्री, आमदार आणि अधिकारी यांच्यात होते. आमदाराला मोठा रस्ता दिसतो, सभामंडप दिसतो. झरी-जामणीच्या पोडावरचा नादुरुस्त हातपंप दिसण्यासाठी त्या गटाचा सदस्यच लागतो.

निवडणुका का रखडल्या, याची कारणे सर्वज्ञात आहेत. इतर मागासवर्गाच्या राजकीय आरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने घातलेली तिहेरी चाचणी, मार्च २०२१ चा निकाल, त्यानंतर बांठिया आयोग, गटांच्या रचनेचे वाद आणि पन्नास टक्क्यांच्या मर्यादेचा प्रश्न. अनुसूचित जमातींची लोकसंख्या मोठी असलेल्या यवतमाळसारख्या जिल्ह्यात या शेवटच्या प्रश्नाची धार अधिक तीव्र आहे. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका आटोपण्याचा आदेश दिला आणि ती मुदतही पुढे वाढवावी लागली. मार्च २०२२ ते २०२५ अखेर या काळात राज्याने तीन मुख्यमंत्री पाहिले. तेव्हा एका पक्षाच्या माथी खापर फोडून इतरांना मोकळे होता येणार नाही. सामाजिक न्यायाचा प्रश्न सुटलाच पाहिजे, त्याविषयी दुमत असू नये. पण पंचायतीची मुदत पाच वर्षे आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक, असे घटनेच्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून सांगितले आहे. विधानसभेची मुदत संपून तीन-साडेतीन वर्षे निवडणूक झाली नसती, तर देशात केवढा गहजब उडाला असता! गावाच्या बाबतीत मात्र तोच घटनाभंग पचनी पडतो. अडचण कायद्याची असेल; तिच्याविषयीची बेफिकिरी मनोवृत्तीची आहे.

आणि या मनोवृत्तीला लोकप्रतिनिधींनीही हातभार लावला आहे. जिल्हा परिषदेचे सदस्यत्व म्हणजे आमदारकीची पहिली पायरी आणि बांधकाम समिती म्हणजे कंत्राटाची खिडकी, असा समज रूढ झाला तो उगाच नव्हे. बांधकामाच्या सभापतिपदासाठी रस्सीखेच होते. आरोग्य आणि शिक्षण समितीच्या बैठकीत लेखापरीक्षणाचे आक्षेप वाचायला वेळ नसतो. महिला सदस्य निवडून येते आणि कारभार तिच्या यजमानांच्या हाती राहतो. सभागृहाची गरज लोकांना तीव्रतेने जाणवली नाही, याचे एक कारण सभागृहाने स्वतःची प्रतिष्ठा राखली नाही, हेही आहे. प्रशासक आल्यावर ‘बरे झाले’ म्हणणारी माणसे जिल्ह्यात भेटतात, याचा विचार सर्वच पक्षांच्या कार्यकर्त्यांनी करावयास हवा.

म्हणून निवडणूक होणे ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी गोष्ट समाजाच्या हाती आहे. जो उमेदवार मते मागायला येईल त्याला जातीची आणि पक्षाची गणिते विचारण्याऐवजी साधे प्रश्न विचारले पाहिजेत : गटातील किती शाळांत शिक्षक पुरेसे आहेत, उपकेंद्रात परिचारिका राहते की येऊन-जाऊन करते, जलजीवन मिशनची टाकी बांधून झाल्यावर तिच्यात पाणी आले का, फवारणीच्या हंगामाआधी मजुरांसाठी कोणती व्यवस्था केली जाणार आहे. ज्याला ही उत्तरे ठाऊक नाहीत, त्याने सभागृहात बसून काय करावयाचे? ग्रामसभेत बसणारा तरुण जिल्हा परिषदेच्या सभेचे इतिवृत्त मागून वाचू लागला, तर इतिवृत्त लिहिणाराही सावध होईल.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी विदर्भाच्या याच मातीत ‘ग्रामगीता’ रचली तेव्हा ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य आणि ग्रामशिक्षण हे विषय त्यांनी भक्तीच्या पंगतीला बसविले. गटार, विहीर आणि शाळा यांत त्यांना देवकार्य दिसले. राष्ट्र मोठे व्हावे अशी आकांक्षा बाळगणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवले पाहिजे की राष्ट्राचा वैभवकाळ घाटंजीच्या उपकेंद्रातील कुपीवर योग्य चिठ्ठी आहे की नाही, इतक्या बारीक गोष्टीपासून सुरू होतो. ती चिठ्ठी पाहणारा कर्मचारी हवा, त्याला विचारणारा सदस्य हवा आणि त्या सदस्याला जाब विचारणारे गाव हवे. या तिघांपैकी मधला दुवा यवतमाळमध्ये वर्षानुवर्षे निखळून राहिला. तो सत्वर जोडला जावा, आणि जोडल्यावर तो गंजू नये याची काळजी गावानेच घ्यावी.